नक्कल निरंजनला

राजपुरा, बुऱ्हाणपूर
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पूर्णिमा हिला बाबांचा आशीर्वाद. मृणालच्या दोन्ही गालांना माझ्या खरखरीत हाताचा.

कोर्टाचं समन्स तुला पोचलं असेल. निरंजनने केस टाकली ती मला विचारून नाही. विचारलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या, म्हणूनच विचारलं नाही. काडीमोड पाहिजे आणि मृणाल पाहिजे, दोन्ही मागण्या एकाच कागदात. त्यात लिहिलंय की बायको विनाकारण घर सोडून माहेरी वाईला गेली. आता विनाकारण की कसं, ते तू जाणे आणि तो जाणे. त्या संक्रांतीचा विषय मला काढायचा नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीला तुझ्या सासूने चुना मारलाय, आता काही दिसत नाही.

मुद्द्याचं लिहितो. एकवीस तारखेला कोर्टात पेशी आहे. पोरी, तू फक्त राजीनामा लिहून दे. मी वकीलसाहेबांनाही विचारलं, तेही म्हणाले यापेक्षा चांगला रस्ता नाही. शाळेच्या नोकरीवरून सुरू झालेलं हे भांडण राजीनाम्याने मिटत असेल तर मिटू दे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, मान खाली घालायची तुला सवय नाही. पण यात मान जात नाही. एकदा राजीनामा झाला की कोर्टाची पायरी पुन्हा चढायला नको. निरंजनकडे मी बघतो.

भुसावळला गाडी बदललीस की फोन कर. मी रिक्षा घेऊन स्टेशनवर उभा राहतो. उतरायचं ते आपल्याच घरी, लॉजबिज काही नाही. सासूने शेवेचा डबा भरून ठेवलाय. तोंडाने ती काही म्हणत नाही, पण डबा भरलाय.

तुझे बाबा,
यादव

---

२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पूर्णिमा,

तू आली नाहीस. फोनही लागत नाही.

मी काल पहाटेपासून स्टेशनवर होतो. भुसावळकडून येणारी प्रत्येक गाडी पाहिली. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "बाबा, किसको ढूंढ रहे हो?" मी म्हणालो, "बहू को." तर तो म्हणतो, "बहू है तो फोन करेगी ना." तसाच कोर्टात गेलो.

तिथे शिपायाने दारात उभं राहून तुझं नाव पुकारलं. अख्ख्या व्हरांड्यात तुझं नाव फिरून आलं आणि कोणी उठलं नाही. माझ्या तोंडात "हां" आलं होतं, दाबलं. जजबाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं, दुसऱ्यांदा पुकारायला लावलं, मग काहीतरी लिहिलं. निरंजनच्या वकिलांनी बाहेर येऊन सांगितलं, "हो गया एकपक्षीय." म्हणजे एकतर्फी. आता पुढच्या तारखेला निरंजन आपलं सांगेल, आणि त्याचं ऐकून निकाल लागेल.

निरंजन खूश दिसला नाही. कचोरी घेतली आणि तशीच कागदात ठेवून दिली. पण घरी आल्यावर म्हणाला, "देखा बाबा? आली नाही. उसको कोई फरक नहीं पडता."

मला रात्रभर एकच घोर. तू अशी नाहीस. सुईत दोरा गेला नाही तर दहा वेळा ओवणारी तू. का आली नाहीस?

बाबा

---

१४ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्णिमा,

'सौ.' लिहिलं नाही. लिहायला गेलो आणि हात थांबला, कारण कोर्टाच्या हुकुमाने आता ते लिहायचं की नाही मला कळत नाही. म्हणून तेवढी जागा मनात कोरी सोडली आहे.

निकाल लागला. तुलाही कागद येईल. काडीमोड मंजूर. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मृणालला इथे आणून बापाच्या हवाली करायचं.

खरं सांगू? ऐकल्याबरोबर मला आनंद झाला. लपवून काय करू. मृणाल या अंगणात येणार, माझ्या पाठीवर चढणार, "आजोबा, लूमचा आवाज काढून दाखवा" म्हणणार. निरंजनने त्याच दिवशी तिच्यासाठी लहान खाट आणली. तुझ्या सासूने तिचे जुने फ्रॉक काढून धुतले. ते आता केवढेसे आहेत, तिच्या बाहुलीलाच होतील, पण वाळत घातले.

मग संध्याकाळी मी तो हुकूम मागून घेतला आणि राजघाटावर बसून वाचला. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचायला मला जळगावच्या पेपरांनी शिकवलं, आणि कोर्टाची हिंदी म्हणजे हिंदीलाही दम लागेल अशी. तरी एकेक ओळ बोटाने धरून वाचली. त्यात निरंजन काय म्हणाला ते आहे. वकील काय म्हणाले ते आहे. तू काय म्हणालीस ते शोधत शेवटच्या पानापर्यंत गेलो. तुझं नाव जागोजागी आहे, पण तुझं वाक्य एक नाही. "बिना किसी कारण के" घर सोडलं, असं शिक्का मारून लिहिलंय. कारण नव्हतं असं कोणी ठरवलं नाही गं, कारण सांगायला कोणी नव्हतं एवढंच.

जजबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या समोर जेवढं वाढलं तेवढंच त्या जेवल्या.

मी चाळीस वर्षं लूम दुरुस्त केले. नुसत्या उभ्या धाग्यांकडे बघून कापडाचा पोत कसा सांगणार? आडवा धागा यायलाच पाहिजे. तो आला की मग कापड बरं निघो की वाईट, निदान कापड असतं. हा हुकूम म्हणजे नुसते उभे धागे आहेत आणि त्यात माझी नात गुंडाळून आणणार आहेत.

तुझ्या सासूला हे बोललो. ती म्हणाली, "काहून हो, पोरगी घरी येते तर तुमच्या पोटात दुखते का?"

दुखतंय. काय करू.

बाबा

---

२१ नोव्हेंबर २०२४

पूर्णिमा, हे पत्र आधी उभ्याने वाच, मग वाटलं तर फाडून टाक.

काल तुझ्या फोनवरून मृणाल बोलली. तू अंघोळीला गेली असशील. मला म्हणते, "आजोबा, तुम्ही वाईट आहात." मी म्हटलं, का गं माझी माय? तर म्हणते, "तुम्ही आईला राजीनामा द्यायला सांगितला. आई रडली. आई शाळा सोडणार नाही. मी पण सोडणार नाही." आणि फोन ठेवला.

मी फोनकडे बघत बसलो. राजीनामा दे म्हणालो, खरं आहे. त्यात रडायचं काय? शाळा कुठून आली मध्ये? तुझ्या सासूला विचारलं, ती म्हणाली, "पोर आहे, काहीबाही बोलते."

आज सकाळी पेपर उघडला. जळगावचाच. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, कुठल्याशा पुढाऱ्याने राजीनामा दिला. हा शब्द मी तीस वर्षं पेपरात वाचत आलोय. आज पहिल्यांदा तो मला वाचून गेला.

पोरी, आमच्या इथल्या हिंदी कोर्टात राजीनामा म्हणजे समझोता. दोन्हीकडची माणसं राजी झाली, त्याचा नामा. इथे भावाभावांत बांधावरून डोकी फुटली तरी शेवटी म्हणतात, राजीनामा करून टाका. मी जन्मभर इथल्या कचेऱ्यांत हाच शब्द ऐकला, तोच तुला लिहिला. पेपरातला राजीनामा वेगळा आणि कचेरीतला वेगळा, हे मला ठाऊक होतं, पण दोन वेगळ्या डब्यांत ठेवलेलं होतं. एकच शब्द, रावेरच्या हद्दीच्या अलीकडे मिटवणं आणि पलीकडे नोकरी सोडणं. आणि मी तो नेमका उचलून रावेरच्या पलीकडे पाठवला, ज्या नोकरीसाठी तू घर सोडलंस त्याच नोकरीच्या घरी.

तुला काय वाटलं असेल ते आता मला कळतं. एक सासरा होता आपल्या बाजूने, तोही नवऱ्याच्याच ओळी लिहितो. मग कशाला यायचं त्या गावात, कोणाच्या भरवशावर उतरायचं.

मी तुला नोकरी सोड म्हणालो नाही. कधी म्हणणार नाही.

आता रडू नकोस, काम कर. मी दुसऱ्या एका वकिलाला विचारलं. एकतर्फी हुकूम उलटवायला अर्ज करता येतो, पण निकालापासून महिन्याच्या आत, आणि तो तुलाच करावा लागेल. का आली नाहीस त्याचं खरं कारण सांगायचं. माझं ते ऑगस्टचं पत्र असेल तर जोड. नसेल तर मी कोर्टात उभा राहून सांगेन की हे गाढवपण माझं.

बाबा

---

२८ नोव्हेंबर २०२४

माननीय जजबाईसाहेबांच्या सेवेशी,

मी यादव कडू चौधरी, राहणार राजपुरा. आपल्या कोर्टात निरंजन चौधरीची केस झाली, त्याचा मी बाप. हिंदी बोलतो बरी, पण लिहिताना मात्रा चुकतात, म्हणून मराठीत लिहितो. आपले बाबू मराठी आहेत, ते वाचून दाखवतील.

बाईसाहेब, आपण जो हुकूम दिला त्यात माझ्या सुनेचं काहीच नाही, कारण ती आली नाही, आणि ती आली नाही माझ्या एका शब्दापायी. तिने अर्ज पाठवला आहे. त्यात तिने सगळं लिहिलंच असेल. पण जे ती लिहिणार नाही ते मी आपल्याला सांगतो. माझा मुलगा मनाने वाईट नाही, पण तापट आहे. त्याने आपल्याला जे सांगितलं ते अर्धंच आहे. पोर आईजवळ बरी आहे. आपणही कोणाच्या लेक असाल, आपल्याला समजेल.

हे पत्र आपल्या दोघांतच राहू द्यावं ही हात जोडून विनंती. निरंजनला कळलं तर घरात राहणं अवघड होईल. त्याच्या वकिलालाही दाखवू नये.

आपला,
यादव कडू चौधरी

---

१० डिसेंबर २०२४

पूर्णिमा,

काल तुझ्या अर्जाची पहिली तारीख होती. तुझे वकील आले होते. त्यांनी तुला कळवलंच असेल, पण त्यांनी जे सांगितलं नसेल ते मी सांगतो, कारण त्यात माझीच शोभा झाली.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. मनात म्हणत होतो, बाईंनी माझं पत्र वाचलंय, आता काम होईल. जजबाई आल्या, बसल्या, आणि पहिल्यांदा माझंच पाकीट वर धरलं. "यादव चौधरी कौन हैं?"

उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "बाबाजी, यह चिट्ठी आपने मुझे अकेले में भेजी है. बाबू ने दो लाइन पढ़ी, मैंने वहीं रोक दिया. अब इसकी नक़ल दोनों वकीलों को मिलेगी." आणि खरंच, बाबूने एक प्रत तुझ्या वकिलांना दिली, एक निरंजनच्या वकिलांना. निरंजन तिथेच उभा होता. त्याने वकिलाच्या खांद्यावरून वाचली. "तापट आहे" इथे त्याची नजर थांबली, मला लांबून दिसलं.

मी म्हणालो, "साहेब, मी तर खरंच लिहिलंय."

"होगा सच," जजबाई म्हणाल्या. रागाने नाही, आपली मुलगी सांगेल तसं. "पर आपकी शिकायत क्या है? कि मैंने एक ही तरफ़ की बात सुनी. और आप चाहते हैं कि मैं फिर एक ही तरफ़ की सुनूँ, बस इस बार आपकी. और आपके बेटे को पता भी न चले."

पूर्णिमा, मी बासष्टाव्या वर्षी लूमच्या पट्ट्यात बोट गमावलं तेव्हाही असा पांढरा पडलो नव्हतो. तुझ्यासाठी न्याय मागायला गेलो आणि पोराला मागच्या दाराने कापून आलो.

घरी तुझ्या सासूने ऐकलं आणि म्हणाली, "घ्या! तुम्ही बी एकतर्फीच निघाले." तीन महिन्यांत पहिल्यांदा ती हसली, तेही माझ्यावर.

निरंजन उशिरा आला. केळीच्या गाड्या भरून येतो तेव्हा अंगाला पानांचा वास असतो, तोच घेऊन माझ्यासमोर बसला.

"बाबा, मेरे बारे में जज को चिट्ठी लिखी. आणि मला सांगितलं पण नाही."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का रे?"

"नहीं सुनता." मग म्हणाला, "पर बताना तो था ना."

हेच तर तुझंही म्हणणं आहे. ऐकतील न ऐकतील, बोलावणं तर पाहिजे.

म्हणून आजपासून मी कार्बन लावून लिहितोय. कार्बन पेपर शोधायला अर्धा बाजार फिरलो. स्टेशनरीवाला पोरगा म्हणाला, "झेरॉक्स निकाल लो बाबा, ये कौन वापरता है." पण झेरॉक्स मागाहून काढता येते, आणि काढल्यावर मूळ कागदावर आणखी एक ओळ घुसडता येते. कार्बन लावला की एकाच वेळी दोघांसाठी लिहावं लागतं. वरच्याला गोड आणि खालच्याला तिखट असं चालत नाही. तुला वरचा कागद पाठवतो, खालचा त्याच्या उशाशी ठेवतो.

हात दुखतो, दाबून लिहावं लागतं. दुखू दे.

बाबा

नक्कल: निरंजन

---

१२ जानेवारी २०२५

चि. सौ. पूर्णिमा,

'सौ.' लिहिलंय. सहा तारखेला एकतर्फी हुकूम रद्द झाला, म्हणजे काडीमोडही गेली, म्हणजे आज तरी कायद्याने लिहिता येतं. निरंजनच्या वकिलांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "यादवभाऊ, तुम्ही आता स्वल्पविराम पण विचारून देता का?"

तो हुकूम कसा रद्द झाला ते तुला कळायला हवं. निरंजनच्या वकिलांनी जोर लावला होता, की बाई शिकलेली आहे, शिक्षिका आहे, राजीनामा म्हणजे काय हे न कळायला ती काय दूधपिती आहे? तेव्हा जजबाईंनी निरंजनलाच विचारलं, "आपकी पत्नी इस शब्द का क्या मतलब समझेंगी?" वकिलांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मला वाटलं, आता म्हणेल मला काय माहीत. पण म्हणाला, "मॅडम, वो तो इस्तीफ़ा ही समझेगी. उधर की है."

एवढंच. त्या एका वाक्याने त्याचा जिंकलेला हुकूम गेला. त्यालाही ठाऊक होतं जाईल म्हणून. मला त्या दिवशी त्याला जवळ घ्यायचं होतं, घेतलं नाही, आमच्यात ती रीत नाही. हे लिहितोय ते तो वाचेलच.

आता सतरा तारखेला पहिल्यापासून सुरू. तुला यायचंय. आणि मला साक्षीला बोलावलंय. तिथे जे सांगणार ते आधी तुम्हा दोघांना इथे सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने ऐनवेळी दगा दिला.

परवा संक्रांत. एक वर्ष होईल. मागच्या संक्रांतीला तुझ्या नोकरीचा कागद आला आणि तू म्हणालीस, मी जाणार, मृणालला घेऊन जाणार, दर सुट्टीत येईन. मी ओसरीत होतो, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. निरंजन म्हणाला, नाही जायचं. तू म्हणालीस, "तुमच्या केळीच्या हमालीवर माझी पोर शिकणार का?" हे तू म्हणालीस, पूर्णिमा, मी ऐकलं आणि मी ते सांगणार आहे. मग त्याने ताट उचलून भिंतीवर फेकलं. मृणाल तुझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. शेवभाजीचं तेल तिच्या वेणीवर उडालं. ती रडली नाही, केस पुसत राहिली. तेही सांगणार आहे. तो बाप म्हणून कसा आहे तेही सांगणार. तिला ताप आला तेव्हा तो चार रात्री बसून होता, तू परीक्षेला गेली होतीस. सगळंच सांगणार.

भिंतीला चुना मारला असं मी तुला लिहिलं होतं. चुन्यातून तेल वर आलंय. तुझी सासू म्हणते, अजून एक हात मारा. मी म्हटलं, राहू दे.

एवढं ऐकून जजबाई काय ठरवतील मला माहीत नाही. मृणाल तुझ्याकडेच राहील असं वाटतं. मग ती छोटी खाट रिकामी राहील, आणि तिच्यावर मांजर झोपेल, झोपतेच आहे. पण तो निकाल तुम्ही दोघं समोरासमोर उभे असताना लागेल. मग मला तो वाचताना बोटाने तुझं वाक्य शोधत बसावं लागणार नाही.

आणि एक. वर्षभर मी निरंजनचंच ऐकत आलो, कारण तो समोर होता. तू का गेलीस ते मी डोळ्यांनी पाहिलं, पण तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही, विचारलंही नाही. कोर्टात तर सांगशीलच. त्याच्या आधी स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षात थोडं मला सांग. थंडी आहे, मृणालला कानटोपी घाल.

भुसावळहून फोन कर.

बाबा

नक्कल: निरंजन

(खाली, वरच्याच कागदावर, निळ्या पेनने वेगळ्या अक्षरात)

बाबांनी हे पोस्टात टाकायच्या आधी मला दाखवलं आणि म्हणाले, काही चुकीचं असेल तर इथेच लिही. म्हणून लिहितो. ताट नव्हतं फेकलं. वाटी फेकली होती. बाकी खरं आहे.

निरंजन